कॅटामरान घ्यायचीय? आधी हे वाचा!

मित्रांनो, एक प्रश्न. रेडिओ रिमोटवर चालणारं आणि लोकांसमोर चालवून दाखवलेलं पहिलं मशीन म्हणून कशाचं नाव घेतलं जातं? विमान? कार? नाही, बोट! निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ती दाखवली, आणि ती बॅटरीवर चालणारी, म्हणजे इलेक्ट्रिकच होती. तेव्हा हॉस्टेलमधला एखादा ग्रुप वर्गणी काढून आरसी बोट घ्यायचं म्हणत असेल, तर त्यांच्या वेडाला सव्वाशे वर्षांची परंपरा आहे!

पण वर्गणी चार-पाच जणांची असते आणि त्यात कुणाच्या तरी महिन्याच्या मेसचे पैसे असतात. बोट पहिल्याच दिवशी उलटली, आत पाणी गेलं आणि कंट्रोलर जळला की सगळे एकमेकांकडे बघत बसतात. म्हणून बॉक्सवरचा स्पीड वाचून भुलण्याआधी थोडा अभ्यास करूया. एक आधीच सांगते, कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे प्रॉपेलरला मी प्रॉपेलरच म्हणणार, चालवून घ्या.

कॅटामरान म्हणजे काय?

शब्द आपल्याच देशातला आहे. तमिळमध्ये 'कट्टु' म्हणजे बांधणं आणि 'मरम' म्हणजे झाड किंवा लाकूड. कट्टुमरम म्हणजे ओंडके एकत्र बांधून केलेली कोळ्यांची होडी. युरोपियन लोकांनी हा शब्द उचलला आणि पुढे तो दोन हलच्या बोटीला चिकटला. आज कॅटामरान म्हटलं की दोन बारीक हल आणि त्यांच्यामध्ये मोकळा बोगदा, म्हणजे टनेल, असं चित्र डोळ्यासमोर येतं. एकच हल असलेली ती मोनोहल.

दोन हलचा फायदा काय?

सेकंड इयरचं फ्लुइड मेकॅनिक्स आठवा. तरंगणाऱ्या वस्तूची स्टॅबिलिटी मेटासेंटरवर ठरते. बॉयन्सीच्या केंद्रापासून मेटासेंटरची उंची म्हणजे पाण्याच्या पातळीवरच्या आकाराचा मोमेंट ऑफ इनर्शिया भागिले बुडालेलं आकारमान.

एक गणित करून बघू. ६० सेंमी लांब, १२ सेंमी रुंद मोनोहल घ्या. आकार आयताकृती धरला तर लांबी गुणिले रुंदीचा घन भागिले १२, उत्तर ८,६४०. आता तीच रुंदी मधोमध कापून ६-६ सेंमीचे दोन हल करा आणि त्यांच्या मध्यरेषा २० सेंमी अंतरावर ठेवा. प्रत्येक हलचा स्वतःचा मोमेंट १,०८०. पॅरलल ॲक्सिस थिअरमने त्यात क्षेत्रफळ ३६० गुणिले १० चा वर्ग, म्हणजे ३६,००० मिळवा. दोन हलचे मिळून ७४,१६०. वजन तेच, पाण्यावरचं क्षेत्रफळ तेच, पण मोमेंट साडेआठपट! कॅट पाण्यावर पाटासारखी सपाट बसते ती यामुळे. वेगात बोट पाण्यावर चढून पळते तेव्हा हे सूत्र जसंच्या तसं लागू होत नाही, पण रुंद बैठकीचा फायदा वळणावर मिळतोच.

दुसरा फायदा टनेलचा. वेग वाढला की टनेलमध्ये हवा दाबली जाते आणि बोटीला वर उचलते. हल पाण्याला कमी टेकतात, ड्रॅग कमी होतो. म्हणून शांत पाण्यावर त्याच मोटरमध्ये कॅट बहुधा मोनोहलच्या पुढे जाते.

मग तोटा कुठे?

तोटा त्याच हवेत आहे. हवेची लिफ्ट वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की लिफ्ट चौपट. त्यात लाट आली, समोरून वारा आला आणि नाक थोडं उचललं गेलं की कोन वाढतो. कोन वाढला की लिफ्ट आणखी वाढते आणि बोट मागच्या मागे कोलांटी खाते. याला ब्लोओव्हर म्हणतात.

आणि गंमत अशी की जी रुंदी बोटीला सरळ स्थिर ठेवते, तीच तिला उलटी झाल्यावरही स्थिर ठेवते! बऱ्याच मोनोहलमध्ये एका बाजूला पाणी भरणारा कप्पा असतो. बोट उलटली की त्यात पाणी शिरतं आणि ती आपोआप सरळ होते. कॅटामरानमध्ये ही सोय सर्रास नसते, म्हणून घेताना हा प्रश्न विचाराच.

तेव्हा पहिला निर्णय बोटीचा नाही, पाण्याचा. तुमच्याजवळचं पाणी शांत आणि मोकळं असेल तर कॅट घ्या. नेहमी वारा, लाटा असतील तर डीप-व्ही मोनोहल बरी. जलपर्णी आणि प्लास्टिकच्या पिशव्यांनी भरलेलं तळं असेल तर दोन्ही नको. प्रॉपेलरमध्ये पिशवी अडकली की मोटर थांबते, करंट एकदम चढतो आणि कंट्रोलरची राख होते. लांबीचंही तसंच. जितकी मोठी बोट तितकी ती लाटांना कमी घाबरते. पण तिला बॅटऱ्याही मोठ्या लागतात, हे बजेट करताना विसरू नका.

मोटर, बॅटरी, प्रॉपेलर

ब्रश असलेली मोटर स्वस्त, शिकायला ठीक. कॅटची खरी मजा ब्रशलेसमध्ये. तिच्यावर 'केव्ही' लिहिलेलं असतं. ते किलोव्होल्ट नव्हे, तर लोड नसताना एका व्होल्टला किती आरपीएम, तो आकडा.

समजा मोटर १८०० केव्ही आणि बॅटरी ४ एस लिपो. एका सेलचे ३.७ धरून १४.८ व्होल्ट. गुणाकार २६,६४० आरपीएम. प्रॉपेलर ४२ मिमी व्यासाचा आणि पिच व्यासाच्या १.४ पट, म्हणजे एका फेरीत ५८.८ मिमी. कागदावरचा वेग ताशी ९४ किमी! पण लोडखाली आरपीएम उतरतात, व्होल्टेज बसतं, प्रॉपेलर पाण्यात घसरतो. २५ ते ३५ टक्के वजा करा, ६० ते ७० उरतात. दुकानदार ९४ सांगत असेल तर त्याने वजाबाकी केलेली नाही, एवढंच समजायचं.

"मोठा प्रॉपेलर लावूया ना!" हे वाक्य प्रत्येक ग्रुपमध्ये कुणीतरी म्हणतंच. प्रॉपेलरला लागणारी पॉवर आरपीएमच्या तिसऱ्या आणि व्यासाच्या पाचव्या घाताने वाढते. त्याच आरपीएमला व्यास १० टक्के वाढवला तर पॉवर १.६ पट लागते. ३ एस काढून ४ एस लावली तर आरपीएम सव्वापटीच्या थोडे वर, पण पॉवर जवळजवळ २.४ पट. म्हणून कंट्रोलर लागणाऱ्या करंटच्या निदान दीडपट क्षमतेचा असावा, आणि बदल एका वेळी एकच करावा.

चालणार किती वेळ? ५००० एमएएच बॅटरीतले ८० टक्केच वापरायचे, म्हणजे ४ अँपिअर-तास. सरासरी ४० अँपिअर गेले तर बरोबर ६ मिनिटं. म्हणून दुसरी बॅटरी ही चैन नाही. बऱ्याच रेडी-टू-रन बॉक्समध्ये तर बॅटरी आणि चार्जर येतच नाही. यादी नीट वाचा.

हातात घेतल्यावर काय बघायचं?

१) बॅटरी पुढे-मागे सरकवायला जागा. गुरुत्वमध्य मागच्या सपाट भिंतीपासून साधारण ३० टक्के लांबीवर हवा. ६० सेंमीच्या बोटीत १८ सेंमी. तो फार मागे गेला तर ब्लोओव्हर, फार पुढे गेला तर नाक पाण्यात.

२) वॉटर कूलिंग. पाणी आत घेणारी नळी कुठे आहे आणि बाहेर कुठून पडतं? चालताना ती धार दिसलीच पाहिजे. धार बंद झाली की बोट लगेच किनाऱ्याला.

३) फ्लेक्स शाफ्ट. तो बाहेर काढून ग्रीस लावता येतो का? हे काम प्रत्येक वेळी करायचंय, नाहीतर गंज ठरलेला.

४) फेलसेफ. सिग्नल तुटला की थ्रॉटल शून्यावर यायला हवा. बोट पाण्याबाहेर, प्रॉपेलरपासून सगळ्यांचे हात लांब ठेवून रिमोट बंद करा आणि खात्री करून घ्या. ॲन्टेना पाण्याच्या पातळीच्या वर हवा, कारण २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल पाण्यात लगेच मरतो.

५) नाकात फोम. आत पाणी शिरलं तरी बोट बुडता कामा नये. झाकणाच्या कडेला टेप लावायची सवय ठेवा.

६) स्पेअर. प्रॉपेलर, शाफ्ट आणि रडर वेगळे मिळतात का, हे पैसे देण्याआधी विचारा.

चालवताना एकच टीप. बऱ्याच सिंगल-प्रॉपेलर कॅटचा टर्न फिन उजवीकडे असतो, कारण रेस घड्याळाच्या दिशेने होतात. त्या बोटी वेगात उजवीकडेच वळवा. डावं वळण घ्यायचं तर थ्रॉटल आधी कमी करा.

सगळ्यात महत्त्वाचं

लिपो बॅटरी हॉस्टेलच्या गादीवर चार्ज करायची नाही. फुगलेली तर नाहीच नाही. बॅलन्स चार्जर, ५००० एमएएचला ५ अँपिअर, खाली फरशी आणि समोर जागा असलेला माणूस, एवढं पाहिजेच. ठेवून द्यायची असेल तर सेलला ३.८ व्होल्टवर ठेवा. वॉर्डन सरांना आणि वर्कशॉपच्या स्टाफला विनंती, की एक कोपरा या कामासाठी द्यावा. लपूनछपून खोलीत चार्जिंग होण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

आणि बोट मध्यावर उलटली तर पाण्यात कुणीही उतरायचं नाही. पोहता येत असलं तरी नाही. तळ्यात गाळ असतो, वेली पायात अडकतात. पवई तलावात तर मगरी आहेत! मासेमारीच्या दोऱ्याला टेनिस बॉल बांधून बोटीच्या पलीकडे फेका आणि हळूहळू ओढा. नाहीतर वारा तिला किनाऱ्याला आणेपर्यंत वाट पाहा. बोट वर्गणी काढून पुन्हा घेता येते, मित्र नाही.

थोडक्यात क्रम असा ठेवा: आधी पाणी, मग हल, मग बॅटरीचं बजेट, मग मोटर आणि प्रॉपेलर, आणि सगळ्यात शेवटी रंग. आपल्याकडे बहुतेक जण रंगापासून सुरुवात करतात!