एकमेकांजवळ कबुली

शास्त्राभ्यास. वाचनभाग : याकोब 5:13–20

आजारी मनुष्यानें मंडळीच्या वडिलांस बोलवावें, असें याकोब सांगतो. परंतु पापाच्या कबुलीचा विषय निघतांच ती एकमेकांजवळ करावी, असें त्याचें सांगणें आहे. हा भेद आपल्या ध्यानांत बहुधा येत नाहीं. गर्द, अफू किंवा दारू यांच्या पाशांतून सुटूं पाहणाऱ्यास मात्र तो जीवनमरणाचा आहे.

1935 सालच्या मे महिन्यांत बिल विल्सन नांवाचा न्यूयॉर्कचा गृहस्थ धंद्यानिमित्त अमेरिकेंतील ॲक्रन शहरीं आला होता. दारू सोडून त्यास कांहीं महिने झाले होते. पण काम फसलें व पिण्याचा मोह अनावर होऊं लागला. तेव्हां त्यानें एका पाळकास टेलिफोन केला, तो उपदेशासाठीं नव्हे, तर आपल्यासारखाच दुसरा दारुडा कोठें भेटेल, हें विचारण्यासाठीं! त्यांतून डॉ. बॉब स्मिथ या शस्त्रवैद्याची गांठ पडली. डॉक्टरास बोध करणारे पुष्कळ भेटले होते. स्वानुभवानें बोलणारा हा पहिलाच. या दोघांपासून ॲल्कोहॉलिक्स ॲनॉनिमस हा संघ निघाला. ॲक्रन येथील आरंभींचे सभासद याकोबाचें पत्र फार आवडीनें वाचीत.

1953 सालीं कॅलिफोर्नियांत जिमी किनन व त्याचे सोबती यांनीं हीच बारा पायऱ्यांची रीत घेऊन नार्कोटिक्स ॲनॉनिमस स्थापिली. पहिल्या पायरींतील दारूचें नांव काढून तेथें त्यांनीं व्यसन हा शब्द घातला. हें शहाणपणाचें झालें. कारण गर्द सोडून गोळ्या घेऊं लागलेला मनुष्य सुटलेला नसतो.

या सभांस फी नाहीं व आडनांव सांगावें लागत नाहीं. एकानें बोलावें, बाकीच्यांनीं मध्यें न बोलतां ऐकावें. जन्मभराची शपथ कोणी घालीत नाहीं. आजचा दिवस राखावयाचा, एवढेंच.

तथापि सभा ही औषधाच्या जागीं नव्हे. फार दिवसांची दारू किंवा झोपेच्या गोळ्या एकाएकीं सोडल्यास झटके येऊन प्राणही जातो. म्हणून प्रथम डॉक्टर. पुण्यास 1986 सालीं डॉ. अनिता व अनिल अवचट यांनीं मुक्तांगण हें व्यसनमुक्ति केंद्र काढिलें, तशा ठिकाणीं उपचार घ्यावा. आणि उपचारानंतर घरीं आलेल्याकडे अधिक लक्ष द्यावें. गर्द कांहीं काळ सुटल्यावर शरीराची ती सोसण्याची शक्ति घटते. पूर्वीचीच मात्रा पुन्हा घेतली तर ती मारक होते. नेमक्या याच दिवसांत आपण त्यास मंदिरांत शेवटच्या बाकावर एकटा बसूं देतों.

खेड्यांत असे दोघेच असले तरी सभा होऊं शकते. पाळकानें शाळेची खोली उघडून द्यावी, कंदील ठेवावा, व बोलावलें नसेल तर घरीं जावें. (हें आम्हां उपदेशकांस फार जड जातें.) तेथील शब्द विहिरीवर पोहोंचला, तर पुढच्या आठवड्यास ती खोली रिकामी राहील.

वर्गासाठीं प्रश्न : आपल्या मंडळींतील कोणा मनुष्याजवळ तुम्ही स्वतः कबुली द्याल? कोणाजवळही नाहीं, असें उत्तर आल्यास त्याचें कारण शोधावें.