शुश्रूषा करणारीची शुश्रूषा कोण करील?

पाठ : मार्क ५:२१-४३



ह्या पाठांत दोन दुखणाईत आहेत. एक, सभास्थानाच्या अधिकाऱ्याची बारा वर्षांची मुलगी. दुसरी, बारा वर्षें रक्तस्रावानें पीडलेली व वैद्यांपायीं सर्व द्रव्य खर्चून बसलेली स्त्री. मुलीसाठीं बाप प्रभूच्या पायां पडला. हिच्यासाठीं बोलणारें कोणी नव्हतें, म्हणून ती गर्दींत मागून आली. अधिकाऱ्याची घाई असतांही प्रभु थांबला, तिची सर्व हकीकत त्यानें ऐकून घेतली, आणि तिलाही कन्या म्हटलें.

आमच्या घरांत कोणाचें दुखणें मागें पडतें? १९१८ सालच्या इन्फ्लुएंझाच्या साथींत हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें दगावलीं. त्यांत पुरुषांपेक्षां स्त्रिया अधिक होत्या. १९२१ च्या खानेसुमारीच्या अहवालांत ह्याचें एक कारण असें दिलें आहे कीं, स्त्रिया स्वतः आजारी असतांही घरकाम व इतरांची सेवा त्यांच्याच माथीं असे. त्या रोगावर रामबाण औषध नव्हतें. विसांवा, पाणी व पेज हाच आधार. तो सर्वांस देणारीला देणारें मात्र कोणी उरलें नाहीं.

ही गोष्ट जुनी झाली असें मानूं नये. २०२० सालीं कोविडच्या साथींत महाराष्ट्रांत आशा सेविका घरोघर फिरून ताप व प्राणवायूचें प्रमाण तपाशीत होत्या. तरी २०२१ च्या पूर्वार्धांत देशांत पुरुषांपेक्षां कमी स्त्रियांस लस मिळाली. नांवनोंदणीचा मोबाईल पुरुषाच्या हातीं, केंद्र दूर, आणि लसीनें मूल होत नाहीं अशी खोटी अफवा गांवांत पसरलेली!

मग मंडळीनें काय करावें? १८९७ च्या प्लेगांत रोग्यांची सेवा करितां करितां सावित्रीबाई फुले १० मार्च रोजीं त्याच रोगानें निवर्तल्या. त्याच वर्षीं पंडिता रमाबाईंनीं पुण्याच्या प्लेग-इस्पितळांतील स्त्रियांच्या दुर्दशेविषयीं ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रांत उघडपणें लिहिलें. एकीनें सेवा केली, दुसरीनें वाचा फोडली. दोहोंची गरज आहे.

आई उपचारावांचून राहिली, तर ताप मुलांस व शेजाऱ्यांस गांठतो. स्त्रीस बरोबरीचा वांटा देण्यांत साऱ्या गांवाचें रक्षण आहे. परंतु प्रभूनें त्या स्त्रीस बरें केलें तें ती कोणाच्या उपयोगाची म्हणून नव्हे, कन्या म्हणून. आम्हांसही तेंच कारण पुरेसें असावें.

पणदरे परिसरांतील उपदेशकांनीं घरोघर विचारण्याचे प्रश्न :

१. तुमच्या घरीं सर्वांत शेवटीं कोण जेवतें?

२. स्त्रीस ताप आल्यास तिला कितव्या दिवशीं दवाखान्यांत नेतां?

३. त्या दिवसांत चूल व पाणी कोण पाहतो?