सौदीच्या नोकरीची मुलाखत

कोकणातील आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा वेल्डर आहे. सौदी अरेबियातील नोकरीसाठी मुंबईत मुलाखत द्यायची होती. त्याने फोनवर विचारले, "सर, इंग्रजी उत्तरे पाठ करू का?"

आम्ही म्हणालो, पाठांतर नको. "अनुभव किती?" या प्रश्नाला "पाच वर्षे" म्हणून थांबू नये. कोणत्या जाडीचा पाइप जोडला, एखादा सांधा तपासणीत नापास झाला तेव्हा काय केले, ते सांगावे. सौदी सरकारने २०२१ साली कौशल्य पडताळणी सुरू केली. त्यात काम प्रत्यक्ष करून दाखवावे लागते. फुगवलेला अनुभव तेथे उघडा पडतो.

शेवटी "काही विचारायचे आहे का?" म्हटले की बहुतेक मुले मान हलवून उठतात. (वर्गातही असेच होई!) मूळ पगार किती, जादा कामाचे वेगळे मिळतील का, हे तेव्हाच विचारावे. सौदी कामगार कायद्याच्या ४०व्या कलमाप्रमाणे इकाम्याचा, म्हणजे राहण्याच्या परवान्याचा खर्च मालकाने सोसायचा असतो. तो पगारातून कापणार का, असे विचारण्यात उद्धटपणा नाही.

"पण सर, साहेब रागावले तर?"

आम्ही त्याला तो प्रश्न फोनवरच तीन वेळा मोठ्याने म्हणायला लावला. तिसऱ्या वेळी आवाज कापला नाही.