थेट प्रक्षेपणातून विक्री : अठरा सेकंदांचे कोडे

मोबाइल समोर उभा करायचा, माल दाखवायचा आणि बसल्या जागी मागणी घ्यायची, ही पद्धत आता आपल्या छोट्या दुकानदारांतही रुळू लागली आहे. ती वापरणारे पुष्कळ आहेत; पण चित्र दुकानातून गिऱ्हाइकापर्यंत जाते कसे, हे ठाऊक असणारे थोडे. हे न कळल्याने होणारा तोटा आम्ही जवळून पाहिला, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

आमच्या ओळखीचे सोलापूरचे एक चादरवाले आहेत. थेट प्रक्षेपणात त्यांनी हिरवी चादर दाखविली, मग निळी, मग तपकिरी. तेवढ्यात कोणीतरी लिहिले, 'ही मला ठेवा.' त्यांनी तपकिरी बाजूला काढली. गिऱ्हाइकाला हवी होती हिरवी. त्याच हिरव्या चादरीवर दुसऱ्यानेही हक्क सांगितला. शब्दाला शब्द वाढला आणि दोन्ही गिऱ्हाइके गेली. त्यांनी दोष नेटला दिला. नेट मात्र व्यवस्थित चालू होते!

पूर्वी चित्रफीत पाहायची तर ती संपूर्ण उतरवून घ्यावी लागे. येत असतानाच ऐकण्याची सोय १९९५ साली 'रिअलऑडिओ'ने लोकप्रिय केली. पुढे बरीच वर्षे 'फ्लॅश' नावाच्या जोड-प्रोग्रामचा जमाना होता. तो ३१ डिसेंबर २०२० रोजी अधिकृतपणे संपला. खरा बदल घडला तो २००९ मध्ये. अ‍ॅपल कंपनीने चित्राचे लहान लहान तुकडे करून, साधी वेब-पाने ज्या वाटेने जातात त्याच वाटेने ते पाठविण्याची पद्धत आणली. तिचे नाव एचएलएस. प्रत्येक तुकडा ठळक, मध्यम, अंधुक अशा अनेक प्रतींत तयार असतो. पाहणाऱ्याचा फोन नेटचा वेग पाहून दर वेळी त्यातली एक प्रत मागवितो. चित्र मध्येच धूसर होते आणि पुन्हा उजळते, ते यामुळेच.

आता हिशेब करा. एक तुकडा साधारण सहा सेकंदांचा. मध्ये खंड पडू नये म्हणून फोन तीनेक तुकडे हाताशी जमवितो आणि मगच चित्र सुरू करतो. सहा त्रिक अठरा! म्हणजे दुकानदार तपकिरी चादरीवर पोहोचलेला असतो तेव्हा गिऱ्हाईक हिरवीच पाहत असते. हा बिघाड नव्हे. ही त्या पद्धतीची किंमत आहे. तिच्या बदल्यात मिळते ते मोठे आहे. तुकडे म्हणजे साध्या फायली, त्यामुळे त्यांच्या प्रती गावोगावच्या सर्व्हरवर ठेवता येतात. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी विश्वचषक क्रिकेटचा अंतिम सामना हॉटस्टारवर एकाच वेळी ५.९ कोटी लोकांनी पाहिला, तो अशाच वाटपाच्या जोरावर.

दुसरी पद्धत वेबआरटीसीची. गूगलने ती २०११ मध्ये सर्वांसाठी खुली केली आणि २०२१ मध्ये तिला वेबच्या अधिकृत मानकाचा दर्जा मिळाला. तीत तुकडे साठवून ठेवीत नाहीत. चित्र निघाले की पोहोचले, विलंब अर्ध्या सेकंदाच्या आसपास. पण साठा नसल्यामुळे नेट अडखळले की चित्रही अडखळते, आणि हजारो प्रेक्षकांना असे पाठविणे महागात पडते. व्हिडिओ कॉलची जात हीच. सबब, दहाजणांना माल दाखवायचा तर प्रक्षेपण करावे. भावाची घासाघीस करायची तर कॉल लावावा. एकाचे काम दुसऱ्यावर टाकू नये.

विलंब सगळीकडे सारखा नसतो. तुकडे आणखी बारीक करण्याच्या नव्या रीतींमुळे काही ठिकाणी तो तीन-चार सेकंदांवर आला आहे, काही ठिकाणी अर्धा मिनिटही लागतो. तो मोजणे सोपे आहे. सेकंदकाटा असलेले घड्याळ कॅमेऱ्यासमोर ठेवा आणि दुसऱ्या फोनवर तेच प्रक्षेपण लावा. दोन्हींतला फरक म्हणजे तुमचा विलंब. एक नग दाखविल्यावर निदान तेवढा वेळ, शिवाय गिऱ्हाइकाला लिहायला लागणारा वेळ, थांबलेच पाहिजे.

आता खर्च. बऱ्यापैकी चित्राला सेकंदाला २ मेगाबिट लागतात असे धरू. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे मिनिटाला १५ मेगाबाइट आणि तासाला ९०० मेगाबाइट. दुकानातून जाणारा डेटा एवढाच. मात्र अपलोडचा वेग २ नव्हे, ४ मेगाबिट तरी असावा. (नेटची जाहिरात नेहमी डाउनलोडचा वेग सांगते, विक्रेत्याने अपलोडचा विचारावा.) शंभरजणांनी तो तासभर पाहिला तर ९० गिगाबाइट वाटले जातात. त्याचे बिल दुकानदाराला येत नाही, ते कंपनी सोसते. कंपनी काही धर्मादाय करीत नाही. गिऱ्हाईक कोण, त्याने काय पाहिले, किती वेळ पाहिले, हा सारा तपशील तिच्याकडे जमा होतो. दुकानदाराला त्यातले फार थोडे दिसते.

आम्हाला खरी चिंता इथे वाटते. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ अ‍ॅप्सवर बंदी घातली. ज्यांची सारी ओळख तिथेच होती त्यांच्या हाती दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांची यादीसुद्धा उरली नाही. बंदीच यावी लागते असेही नाही. फेसबुकने थेट प्रक्षेपणातील खरेदीची आपली सोय १ ऑक्टोबर २०२२ पासून स्वतःहून बंद केली. आणि फेब्रुवारी २०२५ पासून तिथली नवी थेट प्रक्षेपणे तीस दिवसांनी पुसली जातात. तेव्हा प्रत्येक प्रक्षेपणाची प्रत आपल्याकडे उतरवून ठेवावी. मागणी करणाऱ्याचे नाव व फोन त्याच्या संमतीने आपल्या वहीत त्याच दिवशी टिपावा. वही कागदाची असली तरी चालेल.

चादरवाल्यांनी आता प्रत्येक नगाला क्रमांक दिला आहे. गिऱ्हाइकाने 'ही' असे न लिहिता क्रमांक लिहायचा. घड्याळ लावून पाहिले तेव्हा त्यांचा विलंब चौदा सेकंदांचा निघाला. चादर उलगडून, काठ दाखवून, मापे सांगेपर्यंत तेवढे सेकंद सहज निघून जातात.