गिअर पडत नसेल तर डावा पायही दाखवा

चतुर्थी आटोपून चाकरमानी मुंबईला परतले, की आठवडाभर माझ्या दवाखान्यात कंबर आणि गुडघे दुखणाऱ्या चालकांची रांग लागते. गेल्या वर्षी त्या रांगेत ५८ वर्षांचे एक गृहस्थ होते. तारकर्ली-देवबागला पर्यटक पोचवणारी त्यांची स्वतःची गाडी आहे. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.) खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "डॉक्टरानू, गाडीचो गिअर पडणा नाय. मिस्त्रीन सांगल्यान, गाडयेक काय झाला नाय, तुमी डॉक्टराक पाय दाखवा."

त्या मिस्त्रीने काय केलं होतं ते ऐकून मला त्याच्याबद्दल फार आदर वाटला. आधी त्याने स्वतः गाडी फिरवून आणली. पाचही गिअर अलगद पडले, रिव्हर्ससुद्धा. मग मालकाला बसवलं आणि स्वतः दार उघडून खाली वाकून त्यांच्या पायाकडे पाहत राहिला. क्लच दाबल्यावर पेडल तळाला टेकत नव्हतं, तीन बोटं वरच थांबत होतं. मालकांना मात्र आपण पूर्ण दाबतोय असंच वाटत होतं. त्याच क्षणी त्याने गाडीचं काम थांबवलं. नवी क्लच प्लेट टाकून हजारो रुपये घेणं त्याला अवघड नव्हतं.

पाय आणि गिअर यांच्यामध्ये नेमकं काय घडतं, ते थोडं समजून घेऊया. इंजिन सतत फिरत असतं. क्लच दाबला की वायर किंवा तेलाच्या दाबाने एक बेअरिंग पुढे सरकतं, प्रेशर प्लेटची पकड सुटते आणि इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं होतं. तेवढ्या सवडीत गिअर पडतो. पेडल अर्धंच दाबलं गेलं, तर पकड पुरती सुटत नाही. फिरत्या दातांवर दात घासतात, खर्रर्र आवाज येतो, विशेषतः रिव्हर्स टाकताना. गिअर पडत नाही म्हटलं की लोक लगेच "क्लच प्लेट गेली" म्हणतात. झिजलेल्या प्लेटचं लक्षण बहुधा उलटं असतं. गिअर पडतो, पण फोंडा किंवा करूळ घाट चढताना इंजिन नुसतंच ओरडतं, गाडी ओढत नाही आणि जळका वास येतो.

म्हणून गॅरेजला जाण्याआधी एक साधी तपासणी करा. सपाट जागी हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा, इंजिन बंद ठेवा. आता क्लच दाबून एकेक गिअर टाकून पाहा. बंद गाडीत सगळे गिअर पडतात आणि चालू केल्यावर पडत नाहीत, असं असेल तर दोष क्लच न सुटण्यात आहे. बंद गाडीतही लिव्हर हलत नसेल किंवा गिअर पडत नसेल, तर गिअर लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंतच्या जोडण्या किंवा गिअरबॉक्सच बघावा लागेल. दोन्ही वेळा लिव्हरवर जोर लावू नका. जोराने काही सुटत नाही, मोडतं मात्र.

दोष क्लचकडे दिसला, तर पहिल्यांदा पेडलखाली बघा. सरकलेली जाड मॅट किंवा पाण्याची बाटली तिथे सापडली, तर खर्च शून्य आणि टळलेला अपघात मोठा. तेलावरचा क्लच असेल तर टाकीतलं तेल उतरलंय का बघा. पेडल दाबल्यावर मऊ लागत असेल, तर आत हवा शिरलेली असू शकते. वायरचा क्लच असेल तर आपल्याकडे खारं वारं आहेच. वायर आतून गंजते, एकेक तार तुटते आणि पेडल दिवसेंदिवस जड होत जातं. जड पेडल हा पायासाठीही वाईट संकेत. दिवसातून शेकडो वेळा ते दाबणाऱ्याचा गुडघा वाटीच्या मागे दुखायला लागतो. जिना उतरताना ते दुखणं जास्त जाणवतं. अशा रुग्णाला नुसत्या वेदनाशामक गोळ्या देऊन मी परत पाठवत नाही, वायर बदलायला सांगतो.

आणखी एक खास कोकणातली गोष्ट. जूनमध्ये खळ्यात ताडपत्री घालून ठेवलेली गाडी चतुर्थीलाच बाहेर काढतात. तीन महिन्यांच्या दमट हवेत क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटलेली असते. पेडल नेहमीसारखं लागतं, पण पकड सुटतच नाही. अशी गाडी गिअरमध्ये ठेवून स्टार्टर मारला तर ती झटक्याने पुढे उडी घेते, आणि खळ्यात मुलं खेळत असतात. हा प्रयोग घरी करू नका, मिस्त्रीला बोलवा. पावसात आठवड्यातून एकदा गाडी थोडी फिरवून आणली, तर ही वेळ सहसा येत नाही.

आता पायाकडे येऊ. त्या गृहस्थांना बारा वर्षांपासून मधुमेह. दोन महिन्यांपूर्वी डाव्या मांडीत रात्री भयंकर दुखायचं, वजनही उतरलं होतं. दुखणं थोडं निवळलं म्हणून त्यांनी लक्ष दिलं नाही. मी विचारलं, "पायरी चढताना गुडघा दुमडतो काय?" ते चमकले. देवळाच्या पायऱ्यांवर ते दोनदा कोलमडले होते, घरी कुणाला बोलले नव्हते. टेपने मोजलं तर डावी मांडी उजवीपेक्षा ३ सेंटीमीटर बारीक. गुडघ्यावर हातोडी मारली तर डावा पाय उडलाच नाही. मधुमेहात मांडीच्या नसांना इजा होऊन असं घडतं. साधारण पन्नाशीनंतर, बहुतेक वेळा आधी एका बाजूला, आधी वेदना आणि मग अशक्तपणा. मणक्यातली नस दबलेली नाही ना, हे तपासून आम्ही निदान पक्कं केलं.

तुमच्यापैकी कुणाला अलीकडे क्लच जड वाटायला लागला असेल, तर मिस्त्रीने केलं तेच करा. गाडी दुसऱ्याला चालवायला द्या. त्याला ती नेहमीसारखी लागली, तर स्वतःची परीक्षा घ्या. भिंतीचा आधार घेऊन एकेका पायावर चवड्यांवर उभे राहा. मग टाचांवर चार पावलं चाला. हात न टेकता खुर्चीतून उठा. दोन पायांत फरक जाणवला, तर वयाचं कारण देऊन गप्प बसू नका. कंबरेतून पोटरीकडे कळ जात असेल, तर मणक्यातली गादी नस दाबत असू शकते. त्यासोबत लघवी अडली किंवा बसण्याच्या जागी बधिरपणा आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

मधुमेहातला बधिरपणा तर फार फसवा असतो. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, वाळूत चालताना कापसावर चालल्यासारखं वाटतं. असा पाय पेडलवर किती दाब देतोय हे मेंदूला कळतच नाही, आणि उजव्या पायाचं असं झालं तर पुढे ब्रेक आहे. आम्ही १२८ हर्ट्झचा कंपनकाटा आणि १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा वापरून पाच मिनिटांत हे तपासतो. वर्षातून एकदा ही तपासणी प्रत्येक मधुमेही चालकाने मागून घ्यावी. डावा खांदा आखडल्यामुळे लिव्हर पुरता ढकलता न येणारेही काही भेटतात. खांदा आखडणं मधुमेहात जास्त दिसतं.

एक गोष्ट मात्र थांबून तपासत बसायची नाही. गाडी चालवताना अचानक डावा पाय किंवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली, तर तो पक्षाघात असू शकतो. गाडी कडेला घ्या, १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं आणि त्याआधी मेंदूचा सीटी स्कॅन व्हावा लागतो. मालवणहून ओरोसच्या रुग्णालयात पोचायलाही वेळ जातो. "थोडा पडान ऱ्हवतंय, बरा वाटात" म्हणण्यात तो घालवू नका.

सीटही नीट लावा. क्लच तळाला टेकवल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहायला हवा. पाय ताठ होत असेल तर सीट लांब आहे. पेडलवर पाय टेकवून गाडी चालवू नका. त्याने बेअरिंग झिजतं, आणि पोटरीही सतत ताणलेली राहते. मुंबईहून येताना दर दोन तासांनी उतरून चाला. प्रवासानंतर एकच पोटरी सुजली, दुखली, तर चोळू नका, दाखवायला या.

त्या गृहस्थांना साखर आटोक्यात आणायला, व्यायामतज्ज्ञाकडे जायला आणि गाडी बंद ठेवायला सांगितलं. तिसरा सल्ला त्यांना सगळ्यांत जड गेला, कारण हंगाम तोंडावर होता. ही नस सुधारायला महिनोन्महिने घेते, पण बहुतेकांत बरीच सुधारणा होते. एप्रिलमध्ये आले तेव्हा मांडी दीड सेंटीमीटरने भरली होती आणि ते हात न टेकता खुर्चीतून उठले. गाडी अजून मुलगा चालवतो. ते बाजूला बसून पर्यटकांना किल्ला दाखवतात, आणि दर महिन्याला गॅरेजमध्ये जाऊन त्या मिस्त्रीसमोर उभ्या गाडीचं पेडल दाबून दाखवतात. आता ते एक बोट वर थांबतं.