परागनलिकेतील वाहतूक पाहताना: काय करावे, काय टाळावे

काय करावे

१. तेरड्याचे किंवा सदाफुलीचे ताजे उमललेले फूल घ्या. शिळा पराग नीट रुजत नाही.

२. ब्र्यूबेकर-क्वॅक माध्यम मोजून बनवा: साखर १० टक्के; लिटरमागे बोरिक आम्ल १०० मिलिग्रॅम, कॅल्शियम नायट्रेट ३००, मॅग्नेशियम सल्फेट २००, पोटॅशियम नायट्रेट १००.

३. माध्यमाच्या थेंबात पराग टाका आणि तो रुजेपर्यंत काचपट्टी ओल्या टिपकागदासह पेट्री डिशमध्ये झाकून ठेवा, म्हणजे थेंब सुकणार नाही.

४. नलिकेतला एकच ठळक कण निवडा आणि नजर त्याच्यावरच ठेवा: तो कडेने टोकाकडे जातो, टोकाअलीकडे वळतो, मधून मागे येतो.

५. टोकाचा स्वच्छ भाग वेगळा नोंदवा. तिथे बारीक पुटिका असतात, मोठी अंगके पोचत नाहीत.

६. ॲक्टिन तंतू मोडण्यासाठी लॅट्रनक्युलिन-बी आणि मायक्रोट्यूब्यूल मोडण्यासाठी ओरायझॅलिन वेगवेगळ्या काचपट्ट्यांवर वापरा.

७. तुलनेसाठी एका काचपट्टीवर औषधाशिवाय तेवढेच नुसते द्रावक टाका, नाहीतर परिणाम औषधाचा की द्रावकाचा हे कळणार नाही.

८. नलिकेची वाढ आणि आतला प्रवाह स्वतंत्र मोजा. लॅट्रनक्युलिनच्या कमी मात्रेत वाढ थांबते, तरी प्रवाह चालू राहू शकतो.

९. तंबाखूचा पराग वापरलात तर त्याच्या नलिकेत कायिक केंद्रक आणि जननपेशी कुठवर पोचल्या ते टिपा. मायक्रोट्यूब्यूल मोडल्याचा परिणाम तिथे दिसतो.

काय टाळावे

१. पराग साध्या पाण्यात टाकू नका, परागकण फुटतात.

२. बोरॉन किंवा कॅल्शियम वगळून काटकसर करू नका. नलिका वाढणार नाही.

३. कव्हरस्लिप दाबू नका. कोवळे टोक आधी फुटते.

४. जागच्या जागी थरथरणाऱ्या कणाला वाहतूक म्हणू नका. दिशा धरून जातो तोच मोजा.

५. थांबलेल्या नलिकेच्या नोंदी वाढत्या नलिकेच्या नोंदींत मिसळू नका. टोकाची रचना बदललेली असते.

६. वेगवान प्रवाहाचे श्रेय मायक्रोट्यूब्यूलना देऊ नका. तो मुख्यतः ॲक्टिन तंतूंवर चालणाऱ्या मायोसिन या मोटार-प्रथिनामुळे होतो.

७. म्हणून मायक्रोट्यूब्यूलवर चालणाऱ्या कायनेसिन या मोटार-प्रथिनाला बिनकामाचे ठरवू नका. तंबाखूच्या परागनलिकेतील तंतुकणिका मायक्रोट्यूब्यूलवरही सरकतात, फक्त सावकाश.

८. चेतापेशीतील वाहतुकीची आकृती इथे जशीच्या तशी उतरवू नका. तिथे मायक्रोट्यूब्यूलवर चालणारे डायनिन हे मोटार-प्रथिन सपुष्प वनस्पतींत नसतेच.

९. मायक्रोट्यूब्यूल मोडण्यासाठी कॉल्चिसिनवर विसंबू नका. प्राण्यांच्या मानाने वनस्पतींच्या ट्यूब्युलिनला ते कमी चिकटते.

१०. ओरायझॅलिन उघड्या हाताने हाताळू नका. ते तणनाशक आहे.