पाचट पेटवू नका, खोडव्याला द्या

जानेवारीत ऊसतोड जोरात असते. टोळी फडातून निघाली, वाढे बैलांच्या वैरणीला गेले, ऊस गव्हाणीवर पोहोचला, की रानात उरते ते पाचट. पाण्याला अडथळा होतो, उंदीर वाढतात, मशागतीला अडचण येते, अशी कारणे सांगून अनेकजण त्याच संध्याकाळी काडी ओढतात. यंदा ती काडी खिशातच ठेवा.

जळते ते काय?

हेक्टरी ८ ते १० टन, म्हणजे एकरी ३ ते ४ टन पाचट निघते. त्यात साधारण ०.५ टक्के नत्र, ०.२ टक्के स्फुरद, १ टक्क्यापर्यंत पालाश आणि ३२ ते ४० टक्के सेंद्रिय कर्ब असतो. हिशेब केला तर हेक्टरी ४० ते ५० किलो नत्र, १५ ते २० किलो स्फुरद आणि ७५ ते १०० किलो पालाश. आग लावली की कर्ब आणि नत्र धुरावाटे जातात. पालाश राखेत उरते खरे, पण वाऱ्याने आणि पहिल्या मोकाट पाण्याने त्यातले बरेच वाहून जाते. वरच्या थरातले जिवाणू मरतात आणि बुडख्यांवरच्या डोळ्यांनाही चटका बसतो.

साखर बनते कर्ब, हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून, आणि हे तिन्ही उसाने हवा-पाण्यातून घेतलेले असतात. म्हणून बाजारात जाणाऱ्या साखरेच्या पोत्यात तुमच्या जमिनीचे अन्नद्रव्य जवळजवळ नसतेच. ते राहते पाचटात, प्रेसमडमध्ये, मोलॅसिसमध्ये आणि बॉयलरच्या राखेत. या चारही गोष्टी रानात परत आल्या, तर खताच्या पोत्यांवरचा भार कमी होतो. त्यातले पाचट पूर्णपणे तुमच्या हातात आहे. ना वाहतूक, ना खरेदी.

तोडणीनंतर लगेच करायची कामे

१. १५ फेब्रुवारीपर्यंत तुटलेल्या उसाचाच खोडवा राखा. पुढे उन्हाचा कडाका वाढतो, फुटवे कमी राहतात. काणी किंवा गवताळ वाढीचा प्रादुर्भाव असलेल्या, तसेच फार विरळ प्लॉटचा खोडवा ठेवू नका.

२. बुडख्यांवर पडलेले पाचट ओढून सरीत सारखे पसरा. बुडखे झाकलेले राहिले तर कोंब पिवळे आणि कमजोर येतात.

३. उंच राहिलेले बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटा. जमिनीतले डोळे फुटले तरच फुटवा जोमदार येतो. छाटणीनंतर १ लिटर पाण्यात १ ग्रॅम कार्बेन्डाझिम मिसळून बुडख्यांवर फवारा.

४. पाचटावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजविणारे जिवाणू संवर्धन टाका (एकरी ३२, ४० आणि ४ किलो). संवर्धन चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळले तर सारखे पसरते. युरिया वगळू नका. पाचटात कर्ब भरपूर, नत्र थोडे. कुजविणाऱ्या जिवाणूंना नत्र वरून मिळाले नाही, तर ते जमिनीतले उचलतात आणि खोडवा पिवळा पडतो.

५. लगेच पाणी द्या. पहिले पाणी सावकाश सोडा. पाचट भिजून मऊ झाले की पायाने दाबून मातीला चिकटवा. पुढच्या पाळीपासून पाणी सरळ धावते.

६. नांग्या असतील तर प्लॅस्टिक पिशवीतली किंवा ट्रेमधली रोपे लावून लवकर भरा.

खत पहारीने

खोडव्यात बगला फोडणे, जारवा तोडणे, बांधणी यांची गरज नाही. खोडव्याची शिफारस हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ किलो स्फुरद आणि ११५ किलो पालाश अशी आहे. निम्मी मात्रा तोडणीनंतर १५ दिवसांत, उरलेली १३० ते १३५ दिवसांनी द्या. बुडख्यापासून १० ते १५ सेंटिमीटरवर पहारीने १५ ते २० सेंटिमीटर खोल छिद्र घ्या, दोन छिद्रांत ३० सेंटिमीटर अंतर ठेवा, खत टाकून छिद्र मातीने बुजवा. दुसरा हप्ता सरीच्या विरुद्ध बाजूस. खत पाचटावर फेकले तर मुळांपर्यंत फार थोडे पोहोचते.

आच्छादनामुळे तण दबते आणि ओल टिकते. जमिनीत ओल हाताने तपासूनच पुढची पाळी द्या, ठरलेल्या तारखेने नव्हे. मात्र पाणी साचणाऱ्या चोपण रानात आधी निचऱ्याची सोय करा.

कारखान्याकडून परत आणा

प्रेसमडमध्ये स्फुरद चांगले असते. ताजे प्रेसमड तापते, म्हणून कुजवलेलेच वापरा. मोलॅसिसपासून अल्कोहोल काढल्यावर उरणाऱ्या स्पेंटवॉशमध्ये पालाश एकवटते. त्यापासून बनवलेले, किमान १४.५ टक्के पालाश असलेले पीडीएम खत बाजारात मिळते. आयात म्युरेट ऑफ पोटॅशला तो देशी पर्याय आहे. पोत्यावरचे प्रमाण पाहून मात्रा काढा.

आणखी एक खबरदारी. शेजारच्या फडात आग लागली तर पाचट पसरलेले रान पटकन पेट घेते. बांधालगत तीन-चार हातांचा पट्टा मोकळा ठेवा आणि शक्य तर शेजाऱ्यांशी बोलून सलग शिवारातच पाचट ठेवायचे ठरवा. खोडवा निघाल्यावर माती परीक्षण करा आणि अहवालातला सेंद्रिय कर्ब पाहूनच पुढच्या लावणीची खतमात्रा ठरवा.